चमचा नव्हे, वजन विचारा

लवासाच्या या डोंगरात पावसाळी रात्री बाळ तापलं की दवाखाना फार लांब वाटतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला ताप होता. नेहमीची बाटली संपली, म्हणून ह्यांनी थेंबांची आणली. मी सवयीने चमचाभर ओतलंही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, बाटली वेगळी दिसतेय!” म्हणून वाचलो.

पॅरासिटामॉलच्या साध्या औषधात ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम असतं, कधी २५०. थेंबांत १ मिलीलाच १००! म्हणजे चमचाभर थेंब चौपट औषध झालं, आणि जास्तीचं औषध यकृतावर बेततं.

डोस ठरतो वजनावर: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्या, दिवसात चारच्या वर नको. अंगणवाडीत वजन करा, डॉक्टरांकडून ‘किती मिली’ लिहून घ्या, बाटलीसोबतच्या मापानेच द्या. तीन महिन्यांआतलं बाळ तापलं तर थेट दवाखाना.

काही औषधांचा डोस शून्यच. छिंदवाड्याची लेकरं दगावली, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने बजावलं: दोन वर्षांखालच्यांना खोकल्याचं औषध नको.

येत्या बैठकीला घरातल्या बाटल्या घेऊन या. मिळून वाचू.