बॅटरी बदलता येणारा फोन

सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस-५ आठवतो? मागचं झाकण नखानं उघडून बॅटरी बदलता यायची, मेमरी कार्डही बसायचं. बंदिस्त फोन पाण्यात टिकतो म्हणतात; पण हा फोनही १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा होता! २०१५ च्या एस-६ मध्ये मात्र बॅटरी बदलण्याची आणि कार्डाची, दोन्ही सोयी गेल्या. लिथियम-आयन बॅटरी तर काहीशे वेळा चार्ज केल्यावर थकतेच. तेवढ्यासाठी चांगला फोन टाकून देणं मला पटत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, ग्राहकाला बॅटरी स्वतः काढता यायला हवी. आपणही नवा फोन घेताना दुकानदाराला जरूर विचारा: कार्डाची सोय आहे का, आणि बॅटरी बदलायला किती खर्च येईल?