अपुऱ्या वजनाचे बाळ आणि डोक्यावरचा दिवा
(मंडळाच्या महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेले मूल अपुऱ्या वजनाचे समजतात. त्यातले अगदी लहानगे राजावाडी किंवा कूपरसारख्या रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवले, की आपल्या आयाबाया आम्हांला पहिला प्रश्न विचारतात, "ताई, एवढ्या उजेडानं पोराचे डोळे जाणार नाहीत ना?"

प्रश्न खुळा नाही. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची पापणी पातळ असते, बाहुली उजेडाला जवळजवळ आकसतच नाही. डॉक्टरांनाही हीच शंका होती. अमेरिकेत ४०९ बाळांचा अभ्यास झाला. एका गटाच्या डोळ्यांवर ९७ टक्के उजेड अडविणारे चष्मे चढविले. १९९८ साली निष्कर्ष आला : पडद्याचा आजार दोन्ही गटांत जवळपास सारखाच! दोष दिव्याचा नव्हता. अपक्व पडदा आणि प्राणवायूचे कमीजास्त प्रमाण, हे खरे कारण.

म्हणून आमचा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे; फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. पण मूल घरी आले, दूध पिऊ लागले, डोळे टकमक दिसू लागले, की रोज बुडवून पुन्हा रुग्णालयात कोण जातो? वरून पाहून या आजाराचे काहीच कळत नाही. वेळेत सापडला तर लेझरने नजर वाचते. उशीर झाला तर पडदा सुटतो.

मग उजेडाचे काहीच नाही का? आहे. पोटात बाळाला दिवसरात्र आईच्या शरीरातून कळते. अतिदक्षता विभागात चोवीस तास भर दुपार. रात्री दिवे मंद केलेल्या बाळांचे वजन बरे वाढते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पेटीवर कापड घालायचे का, ते सिस्टरना विचारा. स्वतः टाकू नका. बाळ निळे पडले तर त्यांना दिसले पाहिजे.

निळा दिवा मात्र काविळीवरचा उपचार आहे. १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, इंग्लंडमधील जीन वॉर्ड या सिस्टरच्या लक्षात आले की, उन्हात नेलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरतो. त्यातून हा उपचार निघाला. त्या वेळी बाळाच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी सोडू नका.

घरी सोडताना कार्डावर डोळे तपासणीची तारीख लिहून घ्या. गाडीभाड्याची अडचण असेल तर आमच्या महिला शाखेला आदल्या दिवशी सांगा. सोबत कोणीतरी येईल.