सायकल, वजनं आणि आपले पाय

(दहावी 1981 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'साठीनंतरचे आरोग्य' असा विषय दिला आहे. पंधरा मिनिटांत सगळं आरोग्य मावणार नाही, म्हणून मी फक्त पायांपुरतं बोलते. तीस वर्षांहून अधिक काळ मी साताऱ्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते आहे. केस पांढरे झाल्याने कुणाचं काही अडत नाही. मांड्या खंगल्या की सगळंच अडतं. कमोडवरून उठताना भिंत धरावी लागते, एसटीची पायरी उंच वाटू लागते, आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. खुब्याचं हाड मोडलेले पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा 'कशा पडलात?' याबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारते: 'त्याआधी हात न टेकता खुर्चीतून उठता येत होतं का?' बऱ्याच जणांचं उत्तर 'नाही' असं असतं.

चाळिशीच्या सुमारास आपले स्नायू कमी व्हायला लागतात. दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के, आणि साठीनंतर आणखी वेगाने. ताकद तर त्याहून लवकर जाते. अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये याला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. आपल्या आज्या 'अंगातलं मांस झडलं' म्हणायच्या, तेच हे.

आता सगळ्यांनी एक छोटी परीक्षा द्यायची आहे. घाबरू नका, निकाल फळ्यावर लागणार नाही. हात छातीवर दुमडायचे आणि 30 सेकंदांत खुर्चीतून जितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसता येईल तितक्या वेळा उठायचं. 60 ते 64 वयात पुरुषांना 14 पेक्षा कमी आणि स्त्रियांना 12 पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ झाली असं समजा. ज्यांचे गुडघे आत्ता कुरकुरत आहेत त्यांनी नुसतं मोजायचं काम करावं.

(हशा आणि खुर्च्यांचा आवाज थांबल्यावर पुढे)

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी व्यायामाची सायकल आहे, हे मला माहीत आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले असतात, हेही माहीत आहे. ते टॉवेल काढा, कारण ते यंत्र खरोखर चांगलं आहे. शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यांवर आदळआपट होत नाही. दम वाढतो, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना चांगलं काम मिळतं.

सीटची उंची मात्र नीट लावा. पेडल सगळ्यांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते आणि दोष बिचाऱ्या सायकलला जातो.

पण एकटी सायकल पुरत नाही. आपण अजिंक्यताऱ्यावर जातो तेव्हा चढताना दम लागतो, आणि उतरताना मांड्या थरथरतात. उतरताना स्नायू लांब होत होत शरीराचा भार तोलून धरतो. पेडल मारताना स्नायू फक्त आखडून ढकलतो. तोलून धरण्याचं काम त्याला जवळजवळ नसतंच. जिना उतरताना, खाली बसताना, अडखळल्यावर सावरताना नेमकी तीच ताकद लागते. शिवाय सायकलवर हाडांवर पुरेसा भार येत नाही. पाळी थांबल्यानंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, म्हणून मैत्रिणींनी हे जास्त लक्षात ठेवावं. ही उणीव वजनांचा व्यायाम भरून काढतो.

दोन्ही एकत्र केलं तर एकाने दुसऱ्याचा फायदा जातो का, असं जिममधली मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 मध्ये 10 आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद आधी वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत थांबून थोडी उतरली. मात्र ती माणसं आठवड्यातून 5 दिवस वजनं आणि 6 दिवस दमाचा कसून व्यायाम करत होती. आपल्यासारख्या आठवड्यातून दोन-तीन वेळा करणाऱ्यांनी ती काळजी करू नये. आणि पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की धावण्यापेक्षा सायकलमुळे ताकदीला कमी अडथळा येतो.

मी माझ्या पेशंटना सांगते तो आठवडा असा. सोमवार आणि गुरुवार वजनं. मंगळवार आणि शुक्रवार 30 मिनिटं सायकल, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या जोराने. शनिवारी 20 मिनिटं सायकल, त्यात 1 मिनिट जोरात आणि 2 मिनिटं सावकाश असं पाच-सहा वेळा. बुधवारी फिरायला जा, रविवारी आराम. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर 5 मिनिटं हलकी सायकल मारून अंग गरम करा, मग वजनं, आणि उरलेली सायकल शेवटी. थकलेल्या पायांनी वजन उचललं की ढब बिघडते.

वजनांचे व्यायाम चारच पुरेत. पहिला, खुर्चीपर्यंत बसून उठणं, पुढे छातीशी डंबेल धरून. लहानपणी वर्गात ज्या उठाबशा शिक्षा म्हणून फुकट मिळायच्या, त्याच आता फी भरून काढायच्या आहेत. दुसरा, पायरीवर चढणं आणि तीन आकडे मोजत सावकाश उतरणं. तिसरा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत डंबेल खाली नेणं आणि वर आणणं. याने मांडीच्या मागची बाजू आणि कुल्ले बळकट होतात. चौथा, कट्ट्याला धरून टाचा उचलणं. प्रत्येकी 8 ते 12 वेळा, असे दोन ते तीन फेरे. शेवटचे दोन जड जायला हवेत. ते सोपे झाले की वजन थोडं वाढवा. वर्षभर तेच 2 किलो उचलून काही होत नाही. उचलताना श्वास कोंडू नका.

उशीर झाला असं कुणी म्हणू नये. मारिया फियातारोनी आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना 8 आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठी सुटली. माझ्याकडचे एक आजोबा 71 व्या वर्षी आले ते म्हणाले, 'डॉक्टर, मला धावायचं नाही, भजनाला सतरंजीवर बसायचं आहे.' सात महिने लागले. आता ते बसतात, आणि मुख्य म्हणजे कुणाचा हात न धरता उठतात.

जेवणाबद्दल थोडंसं. स्नायू नुसत्या घामाने वाढत नाहीत. वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. पोहे आणि चहा म्हणजे सकाळचं जेवण नव्हे. सोबत दही, उसळ, अंडं, पनीर, काहीतरी असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. हृदयविकार, छातीत दुखणं, ताब्यात नसलेला रक्तदाब असेल त्यांनीही विचारूनच सुरुवात करावी. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकलवर बसू नये. गुडघा व्यायामानंतर थोडा दुखला तर चालेल. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही लंगडायला लागलं, तर भार कमी करा आणि दाखवून घ्या.

आज इथे आपले सर आणि बाई आले आहेत. कुणी ऐंशीच्या पुढे आहेत. जिना चढून ते इथवर आले, हीच आपल्यासाठी आजची सगळ्यांत मोठी शिकवणी आहे. आपल्याला अजून वीस-पंचवीस वर्षं मिळतील असं धरू. ती खुर्चीत काढायची की पायांवर, याचा बराचसा हिशेब आठवड्यातल्या त्या पाच दिवसांत आहे.

संयोजकांना एक विनंती करून थांबते. पुढच्या मेळाव्याची पंगत जमिनीवर मांडा. तयारीला सगळ्यांना पुरेसा वेळ आहे.