राजांची जोडी टाकावी का?

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराच्या स्पर्धेतला एक डाव समोर आणा. चौघे उरलेत, चिप्स सगळ्यांकडे सारख्या. बक्षिसं तीन आणि तिन्ही सारखीच, मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका. अशा पात्रता फेरीला सॅटेलाइट म्हणतात. समोरच्याने सगळ्या चिप्स लोटल्या आणि घाईत त्याची पानं उघडी पडली: एक्का आणि राजा. तुमच्याकडे राण्यांची जोडी. कॉल कराल, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावाल?

राण्या इथे शंभरातून साधारण 57 वेळा जिंकतात. रोख पैशांच्या टेबलावर यापेक्षा काय हवं? पण इथे हिशेब वेगळा. पानं टाकलीत तर चौघांत तीन बक्षिसं, म्हणजे तुमची शक्यता 75 टक्के. कॉल करून जिंकलात तर प्रवेशिका पक्की, हरलात तर घरी. म्हणजे 75 टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच कॉल. राण्या गेल्या. राजांची जोडी असती तरी ती सुमारे 70 वर अडकते, तीही टाकायची! एक्क्यांची जोडी मात्र 90 च्या पुढे जाते.

अर्थात खऱ्या डावात पानं झाकलेली असतात. समोरचा मिळेल त्या पानांवर लोटणारा असेल, तर राण्या 80 टक्क्यांच्या आसपास जातात आणि कॉल बसतो. म्हणून माणूस वाचायचा. आपल्याकडच्या तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याकडे आपण बघतो, तसंच.

स्पर्धेत जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग असते. चिप्सची किंमत बक्षिसांच्या पैशांत काढण्याची रीत मेसन मालमथ यांनी 1987 मध्ये मांडली. गंमत म्हणजे त्यामागचं गणित हार्विल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी केलेलंच आहे.

पण दोघेच उरले की हे सगळं गळून पडतं. दुसरं बक्षीस दोघांचंही पक्कं असतं. तिसरा कुणी आधी बाद होईल म्हणून थांबण्यात अर्थ नसतो. समोरच्याने मध्ये आहे तेवढीच रक्कम लावली, तर तीनांतून एकदा जिंकलात तरी नुकसान नाही.

2003 ची लास वेगासमधली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा घ्या. 839 खेळाडू, प्रवेश फी 10,000 डॉलर. शेवटी दोघे उरले: सॅमी फर्हा आणि ऑनलाइन सॅटेलाइट जिंकून आलेला टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. पहिल्याला 25 लाख डॉलर, दुसऱ्याला 13 लाख. टेबलावर दोघांसाठी सामाईक पाच पानं: नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री; त्यांतली तीन पानं इस्पिकची. फर्हाकडे राणी आणि नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती: फ्लश हुकलेला, सिक्वेन्सही हुकलेला. त्याने सगळं लोटलं आणि दगडासारखा बसला. तुझा फ्लश हुकला असणार, असं फर्हा बोललाही. आणि तरी त्याने पानं टाकली. पुढे गुलामांच्या जोडीवर त्याने सगळं लावलं, तेव्हा मनीमेकरकडे पंजी आणि चव्वी अशा दोन जोड्या होत्या. खेळ संपला.

फर्हा घाबरला, असं लोक सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. त्या टेबलावर फ्लशही होत होता, सिक्वेन्सही. नव्वीची जोडी कितीतरी पानांपुढे हरली असती. आपल्याला मात्र कॅमेऱ्याने दोघांचीही पानं दाखवली होती. तेव्हा तो डाव पुन्हा बघाल, तर मनीमेकरची पानं हाताने झाकून बघा आणि मग ठरवा.