आपला हिशोब आपल्या कानानं

नायगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत वाद झाला. गटातल्या एका मावशींना शुगरमुळे कमी दिसतं. हिशोब आता टॅबवर असतो. आम्ही वाचून दाखवलं, "मावशी, कर्ज बाकी 2,100." त्या चिडल्या, "मागच्या बारीला 1,200 म्हणलात. दिसत नाही म्हणून काहीही सांगता का?" हिशोब बरोबर होता. मागच्या वेळी घाईत आम्हीच आकडा उलटा वाचला होता. मावशी गट सोडायला निघाल्या. तेव्हा कळलं, दुसऱ्याच्या तोंडून आपला पैसा ऐकणं किती अवघड असतं.

मग आम्ही टॅब घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो. टॅबच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' असतं, म्हणजे सुलभता. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. पहिल्यांदा अक्षर मोठं केलं. पट्टी मावशींच्याच बोटानं सरकवली. त्या 'बस' म्हणाल्या तिथं थांबलो. शेवटपर्यंत नेली की ओळी तुटतात.

अक्षर मोठं करूनही त्या लवकर थकायच्या. म्हणून 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केलं. ज्या मजकुरावर बोट ठेवू, तो टॅब वाचून दाखवतो. आवाजाची भाषा मराठी निवडली आणि बोलण्याचा वेग कमी केला.

अजिबात दिसत नसेल त्यांच्यासाठी 'टॉकबॅक' आहे. पण त्यात बोटांचे नियम बदलतात. एकदा टेकवलं की टॅब नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. म्हणून चालू करण्याआधी बंद करायला शिका. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबायची. हा शॉर्टकट आधी लावून, तपासून ठेवा. आम्ही विसरलो, तर अर्धा तास टॅब नुसता बडबडत होता आणि सगळी ओसरी हसत होती.

एक मात्र पाळा. रक्कम ऐकताना, पिन टाकताना कानात इअरफोन घाला. पैसा चारचौघांत ऐकवायचा नसतो.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेनं 2020 मध्ये 'मनी' नावाचं अ‍ॅप काढलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं. इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, ते मात्र सांगत नाही.

आणि हो, टॅब म्हणजे डोळ्याचा इलाज नव्हे. शुगर असलेल्या बायांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेतच.

आता आमच्या गटाचा ठराव आहे, सभासदानं आपला हिशोब स्वतः वाचायचा किंवा ऐकायचा, मगच सही किंवा अंगठा. परवा मावशींनी कानातला इअरफोन काढला आणि म्हणाल्या, "सातशे राहिले. बरोबर हाय." आम्ही काहीच वाचून दाखवलं नव्हतं.

तुमच्याही गटात अशी एखादी मावशी असेल. येत्या बैठकीला दहा मिनिटं आधी जा आणि तिच्या शेजारी बसा.