स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातला नायट्रोजन



आजचा विषय आहे आपल्या नद्या-तलावांतला नायट्रोजन. नाव ऐकून शाळेतला रसायनशास्त्राचा तास आठवेल, पण मी सुरुवात एका साध्या हिशेबाने करतो. कागद-पेन्सिल घेतलीत तर तुम्हालाही तो पडताळून पाहता येईल.

डाळ, पोळी, दूध, अंडी यांतून आपल्या पोटात दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने जातात. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा नायट्रोजन असतो. म्हणजे माणशी रोज दहा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या शरीरात तो साठून राहत नाही. जेवढा आला, जवळपास तेवढा बाहेर पडतो आणि त्यातला बहुतेक लघवीतून, युरियाच्या रूपात. हो, शेतकरी गोणीने आणतो तोच युरिया. गोणीतला कारखान्यात तयार होतो, आपला यकृतात. रेणू एकच.

आता पुढचा गुणाकार. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोंच्या थोडा वर नायट्रोजन असतो. एक लाख वस्तीच्या गावाच्या मैलापाण्यातून रोज एक टन नायट्रोजन जातो, म्हणजे ४८ गोण्यांइतका. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांहून जास्त लोक होते. त्यांच्या हिशेबाने होतात सुमारे २,३०० गोण्या. वर्षाच्या नव्हे, रोजच्या. आणि त्यानंतर ही शहरे थांबलेली नाहीत.

हा सगळा नायट्रोजन जातो कुठे? पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला मिळते आणि मुळा-मुठा दौंडच्या वर भीमेला. पिंपरी-चिंचवडचे काही पाणी इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत येते. भीमा पुढे उजनी धरणात शिरते. वाहत्या नदीत जे पुढे पुढे जात होते, ते इथे येऊन थांबते. शिवाय आजूबाजूच्या शेतांतूनही भर पडते. पिकाला घातलेल्या युरियातला बराच नायट्रोजन पीक घेतच नाही. काही हवेत उडतो, काही झिरपून विहिरीत उतरतो, काही पावसाबरोबर ओढ्याला लागतो. ४५ किलोची गोणी अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळत असली की हात सैल सुटतो, यात शेतकऱ्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

थांबलेले पाणी, भरपूर ऊन आणि फुकटचे खत. शेवाळाला आणखी काय हवे? उजनीचे पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दिवसा हे शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडते, पण रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेते. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात आणि सकाळी जाळे घेऊन गेलेल्या माणसाला ते तरंगताना दिसतात. शेवाळ मेले की खाली बसून कुजते, तेव्हा तळाशी उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. काही नीलहरित जाती तर विष तयार करतात, आणि ते पाणी उकळून जात नाही.

हे पाणी कोणाचे? सोलापूर शहर ते पिते. पंढरपूरला भीमेची चंद्रभागा होते, तिथे वारकरी स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळभर तोंडात घेतात. पुढे नदी कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते आणि ते पाणी तेलंगण, आंध्रापर्यंत पोहोचते. बंगळुरूच्या बेलंदूर तलावाची आणि हैदराबादच्या हुसेन सागराची गोष्टही याच वळणाची आहे: शहराचे मैलापाणी, मग जलपर्णी, मग शेवाळ.

यावर तुम्ही म्हणाल, त्यासाठीच तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधतात. आजच्या बोलण्याचा गाभा इथेच आहे. केंद्र बांधले, चालू झाले, बाहेर नितळ पाणी पडू लागले, म्हणजे नायट्रोजन गेला असे नाही.

केंद्रात टाक्यांमध्ये हवा सोडतात. जिवाणू त्या हवेवर जगून घाण खातात. पाण्याचा वास जातो, गढूळपणा जातो. युरियाचा आधीच अमोनिया झालेला असतो. हवा पुरेशी मिळाली तर दुसरे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. माशांच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, कारण अमोनिया त्यांना थेट मारतो. पण नायट्रोजन मोजाल तर थोडा गाळाबरोबर निघालेला असतो आणि बाकीचा पाण्यातच असतो. फक्त त्याने कपडे बदललेले असतात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. शेवाळाला मात्र तो बरोबर सापडतो.

तो खरोखर काढायचा तर आणखी एक पायरी लागते. हे पाणी अशा टाकीत फिरवायचे जिथे मुद्दाम हवा सोडलेली नाही. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन तोडून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन बुडबुड्यांनी वर निघून जातो. आपल्या हवेत ७८ टक्के तोच आहे. तिथे त्याचा कोणाला त्रास नाही. यात चमत्कार काही नाही. एक जादा टाकी, पाणी फिरवणारे पंप आणि लक्ष देणारी माणसे लागतात. पैसाही लागतो, म्हणून ती पायरी गाळण्याचा मोह होतो.

नियम काय सांगतात? केंद्र सरकारने २०१५मध्ये अशा केंद्रांसाठी निकषांचा मसुदा काढला. त्यात एकूण नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७मध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा नायट्रोजनची ओळच गळाली होती. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा कडक निकषांची बाजू घेतली. दोन ओळींचा फरक वाटतो, पण केंद्राचा आराखडा त्या ओळींवरून ठरतो आणि एकदा काँक्रीट ओतले की पुढची पंचवीस-तीस वर्षे तेच चालते.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात: शेवाळाला फॉस्फरसही लागतो, मग नायट्रोजनच्याच मागे का? प्रश्न योग्य आहे. गोड्या पाण्यात अनेकदा फॉस्फरसच निर्णायक असतो आणि काही नीलहरित जाती नायट्रोजन हवेतूनही घेऊ शकतात. म्हणून दोन्ही आवरायला हवेत. पण पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा वेगळी आहे, भारतीय मानकात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी करते. बाळ निळे पडते. पाणी उकळले तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढते. विहिरीचे पाणी बाळाला देत असाल तर ते एकदा तपासून घ्या.

हे जमते का? अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागरात १९७०च्या दशकात असेच हिरवे पाणी होते. १९७८मध्ये तिथे कायदा झाला आणि मैलापाण्यातला नायट्रोजन काढणे सक्तीचे झाले. पाणी निवळले, तळापर्यंत ऊन पोहोचले, समुद्री गवत परत आले. २०१४च्या मोजणीत ते १९५०च्या दशकाइतके झाले होते. पुढे त्यात पुन्हा घट झाली, म्हणजे लक्ष काढून घेता येत नाही. पण पाणी सुधारले, हे मोजून सिद्ध झाले.

आपण काय करायचे? आपल्या शहरात नवे केंद्र होणार असेल, तर 'किती दशलक्ष लिटरचे?' एवढेच विचारून थांबू नका. 'बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नायट्रोजन किती?' हे विचारा. माहितीच्या अधिकारात विचारा, सोसायटीचे स्वतःचे केंद्र असेल तर तिथेही विचारा. नदीतली जलपर्णी काढली, तर तिचे ढीग काठावर कुजत ठेवू देऊ नका. तिने शोषलेला नायट्रोजन पहिल्या पावसात परत नदीत उतरतो. शेती असेल तर माती तपासून, हप्त्याहप्त्याने खत द्या. जे पीक घेत नाही, त्याचे पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

पाणी नितळ दिसते का, हे डोळ्यांना कळते. त्यात काय विरघळले आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तेवढे विचारायला लागू या.