पिठांतील अळीचा रोग

पावसाळा सरतां सरतां रव्याचा डबा उघडावा आणि आंतील कण रेशमासारख्या धाग्यांत गुंफलेले दिसावे, हा अनुभव गृहिणींना नवा नाहीं. चाळून, उन्हांत पसरून घरापुरतें भागतें. परंतु जेथें पिठाचे डोंगर पडतात, त्या गिरणींत चाळणी आणि ऊन कोठवर पुरणार? तेथें पिठांतील एका लहानशा करड्या पतंगाच्या अळ्या नळ्यांतून आणि चाळण्यांतून इतकीं जाळीं विणतात कीं, यंत्रें थांबवून तीं साफ करावीं लागतात.

जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांतल्या एका गिरणींतून आलेल्या अशाच अळ्या एर्न्स्ट बर्लिनर या शास्त्रज्ञाच्या हातीं पडल्या. त्या आजारी होत्या. अळी खाणें सोडी, सुस्त होई, तिचें शरीर लुळें पडे आणि ती मरे. १९११ सालीं बर्लिनरनें या रोगाच्या जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें व १९१५ सालीं त्या प्रांतावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असें नांव दिलें. गंमत अशी कीं, या जंतूची गांठ जपानांत १९०१ सालींच पडली होती. तेथें इशिवाता यांना तो रेशमाच्या किड्यांत सांपडला. रेशीम काढणाऱ्याच्या घरीं जें संकट, तेंच गिरणीवाल्याला वरदान वाटावें, असा हा प्रकार!

हा जंतु मारतो कसा? बीजाणु तयार करतांना तो सोबत प्रथिनाचा एक स्फटिकहि तयार करतो. अळीच्या आंतड्यांतील रस क्षारयुक्त असतो. त्यांत स्फटिक विरघळतो, त्यांतून निघालेलें विष आंतड्याच्या आंतल्या अस्तरास ठराविक जागीं चिकटतें आणि त्यास सूक्ष्म भोंकें पाडतें. मनुष्याच्या जठरांतील रस आम्ल, आणि विषास चिकटावयास लागणाऱ्या त्या जागाहि त्याच्या आंतड्यांत नाहींत. म्हणून धान्यांत ही भुकटी मिसळण्याचें धाडस करतां आलें. १९३८ सालीं फ्रान्समध्यें ती 'स्पोरीन' या नांवानें विक्रीस आली.

मात्र सोंड्यांवर या मूळ वाणाचा उपयोग नाहीं. दाण्याच्या पोटांत वाढणाऱ्या किड्याच्या तोंडीं भुकटी जाणार कशी? कांहीं बुरशा किड्याच्या कातडींतून आंत शिरतात, हें खरें; पण बुरशीला ओल मानवते, आणि ओल तर कोठाराला मुळींच परवडत नाहीं.

शेतांत या भुकटीचें तेज उन्हानें थोड्याच दिवसांत ओसरतें. कोठारांत ऊन नाहीं. तेथें तें महिनोन् महिने टिकतें. यापेक्षां सोयीची जागा ती कोणती? अमेरिकेंत धान्याच्या राशीच्या केवळ वरच्या चार इंच थरांत भुकटी मिसळीत, कारण 'इंडियन मील मॉथ' हा तेथला पतंग बहुधा वरच्याच थरांत अंडीं घालतो. (नांवांतील 'इंडियन' पाहून भारताला बोल लावूं नये, तेथें मक्याला 'इंडियन कॉर्न' म्हणतात.) परंतु कॅन्ससमधील मॅनहॅटन येथील सरकारी प्रयोगशाळेंत विल्यम मॅकगॉही यांना १९८५ सालीं निराळेंच दिसलें. भुकटी घातलेल्या कोठ्यांतील पतंग न घातलेल्या कोठ्यांतल्यांपेक्षां किंचित् अधिक कणखर निघाले. मग त्यांची पैदास भुकटी मिसळलेल्या खाद्यावरच केली, तों दोनच पिढ्यांत त्यांची सहनशक्ति सुमारें तीसपट झाली, आणि पंधरा पिढ्यांत शंभरपट! शेतांतल्या किड्याला निदान भुकटी न पडलेलें पान मिळतें. कोठींतल्या वंशाला पिढ्यान् पिढ्या तेंच विष खावें लागतें, आणि जे पचवितात तेच उरतात. जी टिकाऊपणाची सोय वाटली, तिनेंच घात केला.

पुढें १९९० सालीं या कणखरपणाचें कारण उमगलें. विष ज्या जागीं चिकटावयाचें, तेथें तें आतां पूर्वीसारखें चिकटतच नव्हतें. पकड सुमारें पन्नासपटीनें ढिली झाली होती. याच जंतुकुळांतील दुसरें एक विष मात्र अन्य जागीं चिकटे, आणि त्यापुढें त्या अळ्या पूर्वीप्रमाणेंच मरत. म्हणून एकाच वाणावर विसंबूं नये, असें तज्ज्ञ सांगूं लागले. आणि नवें धान्य भरण्यापूर्वीं कोठीच्या फटींतील जुने दाणे, पीठ व जाळीं झाडून काढावीं, ही जुनी शिफारसहि कायमच राहिली. कारण जुन्या हंगामांतून तगलेला पतंग तेथेंच दडून बसलेला असतो.